पाचोळ्यांतला भुईतारा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत, इयत्ता सातवींतील एका विद्यार्थ्यानें आपल्या कंपासपेटींतून एक वाळलेली वस्तु काढून आमच्या मेजावर ठेविली आणि विचारिलें, "गुरुजी, हें कोणत्या झाडाचें फळ?" वस्तु रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी होती. जुन्या चामड्यासारखीं सहा-सात टोकें बाहेरच्या बाजूस वळलेलीं, मधोमध कागदासारख्या पातळ पापुद्र्याची एक गोल पिशवी, आणि पिशवीच्या शेंड्यास टांचणीनें पाडावें तसें एक छिद्र. पिशवीस बोट लागतांच त्या छिद्रांतून तपकिरी धुराची बारीक रेघ वर आली. खरें सांगावयाचें तर आम्हांस तें एखाद्या किड्याचें घर वाटलें. घंटा झाली, आम्ही वर्गावर निघून गेलों.

दुसरे दिवशीं वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या एका स्नेह्यांनीं तें पाहिलें आणि सांगितलें कीं हें फळ नव्हे आणि घरहि नव्हे. ही बुरशी आहे, अळंबीची भावंड. इंग्रजींत हिला 'अर्थस्टार' म्हणतात. ती नेमकी कोणती, हें बीजाणु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्याविना आणि जागा पाहिल्याविना सांगतां येणार नाहीं असेंहि ते म्हणाले. आम्ही त्या मुलास बरोबर घेऊन आवाराच्या मागील कोपऱ्यांत गेलों. तेथें चिंचेखालीं राखेचें एक काळें वर्तुळ होतें. आदल्या सायंकाळीं कोपरा झाडून पाचोळा पेटवून देण्यांत आला होता, आणि तसें करण्यास आम्हींच सांगितलें होतें. परत येऊन पाहतों तों मेज पुसतांना तो वाळका ताराहि चुरडून गेला होता. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें कंपासपेटी उघडून पाहिली, तींत थोडी तपकिरी धूळ राहिली होती, ती त्यानें तशीच ठेविली.

प्रस्तुत लेखाचें कारण हें आहे. शाळेच्या आवाराचा तो कोपरा यापुढें झाडूं नये व जाळूं नये असें आमचें मत आहे. हें मत पुष्कळ पालकांस विचित्र वाटेल, म्हणून तें सविस्तर मांडतों.

प्रथम हा भुईतारा म्हणजे काय तें पाहूं. (मराठींत यास रूढ नांव आमच्या ऐकिवांत नाहीं, म्हणून सोयीसाठीं आम्ही हेंच वापरतों.) पावसाळ्यांत पाचोळ्याखालीं, मातींत अर्धवट रुतलेला, लहान कांद्यासारखा एक गोळा तयार होतो. त्यास दोन आवरणें असतात. बाहेरचें आवरण जाड. तें शेंड्याकडून फाटतें आणि त्याचे पाकळ्यांसारखे भाग होऊन ते मागें वळतात. वळतांना ते जमिनीस रेटा देतात, त्यामुळें आंतील पिशवी पाचोळ्याच्या वर उचलली जाते. मग ती पिशवी पावसाची वाट पाहत बसते. टपोरा थेंब पिशवीवर पडला कीं पापुद्रा दबतो आणि छिद्रांतून बीजाणूंचा फवारा उडतो. वाऱ्यावर जाणारी ही धूळ इतकी सूक्ष्म असते कीं एकेक कण डोळ्यांस दिसत नाहीं. ज्या पावसानें आमचीं पुस्तकें भिजतात आणि आम्ही कुरकुरतों, त्याच पावसाच्या थेंबाचा असा उपयोग करून घेणारी ही योजना पाहिली म्हणजे निर्मात्याच्या कौशल्यापुढें बुद्धि थक्क होते.

या कुळांतील कांहीं जाती तर पाकळ्यांच्या टोकांवर चार पाय टेकून उभ्या राहतात. सतराव्या शतकांत युरोपांतील एका पंडितानें अशा बुरशीचें चित्र काढतांना चक्क माणसांच्या आकृति काढल्या होत्या. हंसूं येतें खरें, परंतु त्यानें निदान वांकून पाहिलें होतें. आमच्यापेक्षां तो बरा.

येथें एक घोटाळा दूर करावयास हवा. भुईतारे दिसावयास सारखे असले तरी सगळे एका घराण्याचे नाहींत. 'जिॲस्ट्रम' हे खरे भुईतारे. ते बहुधा कुजक्या पाचोळ्यावर जगतात. 'ॲस्ट्रिअस' हे दुसरे. पाऊस पडला म्हणजे यांचे हात उघडतात, ऊन पडून कोरडें झालें म्हणजे पिशवीवर मिटतात, आणि पुन्हा भिजले म्हणजे पुन्हा उघडतात. वाळून जुने झालेले तारेसुद्धां पाण्यांत टाकले तर उलगडतात. या दुसऱ्यांचें नातें जिवंत झाडांच्या मुळांशीं असतें: झाड त्यांस साखर देतें, ते झाडास मातींतील पाणी व क्षार मिळवून देतात. आमच्या राज्याच्या पूर्वेस लागून असलेल्या बस्तरांत सालवृक्षांखालीं पहिल्या पावसाबरोबर जो 'बोडा' निघतो, आणि झारखंडांत ज्यास 'रुगडा' म्हणतात, तो याच ॲस्ट्रिअसचा न उमललेला कोवळा गोळा होय. तेथील आदिवासी बायाबापे तो काठीनें उकरून बाजारांत आणतात आणि हंगामाच्या आरंभीं त्यास मोठा भाव येतो. पुढें विज्ञानानें दोहोंच्या अंतरंगांतील अनुवंशद्रव्य तपासलें तेव्हां असें दिसून आलें कीं जिॲस्ट्रम आणि ॲस्ट्रिअस हे एकमेकांचे दूरचेच आप्त आहेत. दोघांनीं निरनिराळ्या वाटांनीं एकच रूप धारण केलें.

कोणी म्हणेल, बस्तरांत बोडा खातात तर मग आपणहि खाऊन पाहूं. मुलांनो, हें मुळींच करूं नका. सालवृक्ष आमच्याकडे नाहींत, म्हणून बोडाहि नाहीं. आणि पावसाळ्यांत उगवलेली अनोळखी बुरशी तोंडांत घालून घरेंच्या घरें रुग्णालयांत पोंचलेलीं आहेत. जाणत्यानें ओळखल्याविना कोणतीहि अळंबी चाखूं नये, ही एवढी सूचना पालकांनीं घरीं पुन्हा द्यावी.

आतां दुर्मिळपणाविषयीं. या घराण्यांत 'मायरिओस्टोमा' नांवाचा एक भुईतारा आहे. इतर ताऱ्यांच्या पिशवीस एक तोंड, तर यास अनेक. स्वयंपाकघरांतील मिरपुडीच्या डबीस असतात तशीं भोंकेंच भोंकें. इंग्लंडांत हा १८८० सालीं नॉर्फक परगण्यांत पाहिला गेला आणि त्यानंतर दिसेनासा झाला. एक पिढी गेली, दोन गेल्या, चार गेल्या. तज्ज्ञांनीं तो तेथून नाहींसा झाला असें लिहून ठेविलें. मग २००६ सालीं शेजारच्या सफक परगण्यांत, इप्सविच शहराजवळ, तो पुन्हा आढळला. म्हणजे १२६ वर्षें 'नाहीं' म्हटलेली वस्तु होती! आणखी एक उदाहरण नॉर्फकमधलेंच. २००० सालीं रस्त्याच्या कडेस पाईन वृक्षांखालीं एक भुईतारा सांपडला. तो माहितीच्या जातींपैकींच असावा असें प्रथम वाटलें. त्याचा नमुना जपून ठेविला होता, म्हणून पुढें त्याची तपासणी होऊं शकली, आणि २०१५ सालीं तो विज्ञानास सर्वस्वीं नवा असल्याचें जाहीर होऊन त्यास 'जिॲस्ट्रम ब्रिटानिकम' हें नांव मिळालें. ज्या देशांत शंभर-दोनशें वर्षें पाद्री, शिक्षक आणि वैद्य बुरशा गोळा करीत आले, तेथें रस्त्याच्या कडेला नवी जात निघते. मग जेथें कोणी वांकूनहि पाहिलें नाहीं तेथील मातींत काय असेल?

आमच्या मतें येथें 'दुर्मिळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत व ते नेहमीं एकत्र मिसळले जातात. एक वस्तु खरोखरच थोडी असते. दुसरी पाहणारा नाहीं म्हणून थोडी ठरते. भुईतारा यांपैकीं कोणत्या अर्थानें आमच्याकडे दुर्मिळ आहे हें ठरविण्याचा मार्ग एकच: जागा राखणें आणि त्या जागेकडे वर्षानुवर्षें पाहत राहणें. पैकीं जागा राखण्याचें काम आधीं, कारण जळलेल्या जागेकडे पाहून कांहीं उपयोग नाहीं. हें आम्ही अनुभवानें सांगतों.

आणि जागा थोड्याच उरल्या आहेत. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झाला, त्यापूर्वींपासूनच येथील भूमि शेतीखालीं आलेली आहे. कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी. जिकडे पाहावें तिकडे नांगर चाललेला. वनाखालीं जमीन अत्यल्प. पाऊस वर्षांत सुमारें सातशें मिलिमीटर, तोहि कधीं पडतो, कधीं दडी मारतो. काळी कसदार माती पावसांत चिकटते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. भुईताऱ्यांपैकीं बऱ्याच जातींस पाण्याचा निचरा होणारी, भुसभुशीत, किंचित् चुनखडीची जमीन मानवते. तेव्हां आमच्या तर्काप्रमाणें शोध घ्यावयाचाच तर तो शेताच्या मध्यभागीं घेऊं नये. भोकरदन-जाफराबादकडील मुरमाड टेकड्या, पूर्णा व दुधना यांचे वाळूचे कांठ, घाणेवाडीच्या जलाशयाभोंवतालची झाडी, राजूरच्या गणपतीच्या टेकडीचा उतार, गांवोगांवच्या मारुतीमागील व दर्ग्यामागील जुन्या निंबाची सांवली, आणि आमच्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं आवारें व कबरस्थानें. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं गेल्याच्या गेल्या शतकांत जालन्याजवळ बेथेल वसविलें, तेव्हांपासून या भागांत मंडळीचीं आवारें आहेत. अशा ठिकाणीं नांगर शिरत नाहीं. इंग्लंडांतहि जुन्या देवळांच्या अंगणांत, कबरींमधल्या गवतांत व झाडांखालीं, बुरशांचे अनेक दुर्मिळ प्रकार याच कारणानें टिकून राहिले आहेत. मृतांच्या विश्रांतीस धक्का लागूं नये म्हणून जी माती कोणी खणली नाहीं, ती सजीवांच्या एका अख्ख्या वर्गाच्या कामास आली.

परंतु नांगर नाहीं म्हणून संकट नाहीं असें नव्हे. तेथें झाडू आहे व आगपेटी आहे. स्वच्छता हा आमच्या शिक्षणाचा पाया. शाळेचें अंगण लखलखीत असावें हें आम्हीच मुलांस शिकविलें. त्यांत चूक कांहीं नाहीं. चूक एवढीच कीं पाचोळा म्हणजे घाण असें आम्हीं मानलें. पानें कुजून माती होते ती आपोआप होत नाहीं. झाडाच्या पानांतील चिवट लाकडी अंश मोडून काढण्याचें सामर्थ्य ज्या थोड्या जीवांत आहे त्यांत बुरशी अग्रगण्य आहे. पाचोळ्याखालीं तिचे पांढरे तंतु पसरलेले असतात. वर दिसणारा भुईतारा हें केवळ त्या तंतुजालाचें फळ. फळ तोडलें तर जाळें सहसा मरत नाहीं, पण पाचोळा जाळला तर जाळ्याचें अन्नहि गेलें आणि वरचा थर भाजून निघाला. ज्या जिल्ह्यांतला शेतकरी जमिनीचा कस गेला म्हणून दरवर्षीं हळहळतो, त्या जिल्ह्यांतल्या शाळेनें कस तयार करणाऱ्या कारागिरांस जाळावें हें विपरीत नव्हे काय?

आमच्या या सूचनेवर शिक्षकवर्गांतच वाद झाला, तो लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. एका अनुभवी शिक्षकांनीं म्हटलें कीं पाचोळ्यांत विंचू व सर्प राहतात, आणि पालक आपलीं मुलें आमच्या भरंवशावर पाठवितात. एक मूल दंशानें दगावलें तर तुमचा तारा काय कामाचा? हा आक्षेप अगदीं खरा आहे. पावसाळ्यांत आमच्या भागांत फुरसें व घोणस निघतात हें कोण नाकारील? म्हणून वर्गांजवळचें, वाटेवरचें, खेळाच्या मैदानावरचें व पाण्याच्या टांकीभोंवतालचें अंगण पूर्वींप्रमाणेंच झाडलें जावें. आम्ही मागतों तो मागचा कोपरा, चिंचेपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंतचा, जेथें मुलांस जाण्याचें कारणच नाहीं. त्यास तारेचें साधें कुंपण घालावें. आंत जावयाचें तें शिक्षकांबरोबर, पायांत बूट घालून, हातांत काठी घेऊन, आणि दहांहून अधिक मुलें एका वेळीं नेऊं नयेत. इतरत्र झाडलेला पाचोळाहि जाळण्याऐवजीं खड्ड्यांत घालून त्याचें खत करावें; धुरानें खोकणाऱ्या मुलांचे पालक तरी आमच्या या मताशीं सहमत होतील.

दुसरे गृहस्थ म्हणाले कीं ज्या वस्तूचा ना भाजीस उपयोग, ना औषधास, तिच्यासाठीं जागा अडविणें ही श्रीमंतांची हौस आहे. यास उत्तर देणें आम्हांस अधिक कठीण गेलें, कारण आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांच्या घरीं उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर येतो हें आम्ही जाणतों. तरीहि आम्हांस मोशेच्या नियमशास्त्रांतील एक गोष्ट आठवते. कापणी करतांना शेताचे कोपरे पूर्णपणें कापूं नका, ते गरीबांसाठीं व परक्यांसाठीं राहूं द्या, अशी तेथें आज्ञा आहे. धान्य कमी म्हणून कोपरे कापावेत अशी सवलत तींत नाहीं. तो नियम माणसांसाठीं आहे, बुरशीसाठीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु जें आपलें आहे त्याच्या शेवटच्या वितीपर्यंत आपण पोंचूंच नये, ही जी त्यामागील वृत्ति, ती मुलांच्या अंगीं बाणावी असें वाटणें गैर नाहीं. आणि बुरशी परकी आहे यांत तर शंकाच नाहीं: ती झाड नव्हे, प्राणीहि नव्हे, तिचें राज्यच निराळें.

या परकेपणाचा फटका तिला कायद्यांतहि बसला आहे. भारताच्या १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत संरक्षित प्राण्यांच्या व वनस्पतींच्या याद्या आहेत. बुरशीचें नांव त्यांत नाहीं. जगांतील धोक्यांत आलेल्या जीवांची जी आंतरराष्ट्रीय लाल यादी, तींत मार्च २०२५ मध्यें बुरशांच्या तपासलेल्या जातींची संख्या १३०० झाली, आणि त्यांपैकीं निदान ४११ नष्ट होण्याच्या धोक्यांत असल्याचें दिसलें. विज्ञानास ज्ञात असलेल्या बुरशा दीड लाखाच्या घरांत आहेत हें ध्यानीं घेतलें म्हणजे तपासणी किती थोडी झाली तें कळेल. एक दार मात्र उघडें आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक स्थानिक संस्थेनें आपल्या हद्दींतील जीवांची लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तींत झाडें, पिकें, पक्षी, मासे येतात. बुरशीहि लिहितां येते, लिहिणारा पाहिजे एवढेंच. आमच्या मुलांचे आईबाप अनेक गांवांत पंचायतीचे सभासद आहेत. त्यांनीं आपल्या गांवची ती वही एकदां मागून पाहावी आणि अळंबीचें पान तींत आहे कीं नाहीं तें पाहावें.

नमुना कसा घ्यावा हेंहि येथेंच सांगून टाकतों, म्हणजे आमची चूक कोणी पुन्हा करणार नाहीं. तारा दिसतांच तोडूं नये. आधीं त्याचें चित्र काढावें किंवा दूरध्वनीवर छायाचित्र घ्यावें, शेजारीं मोजपट्टी ठेवून. कोणत्या झाडाखालीं, कसल्या मातींत, पाऊस पडून किती दिवस झाले, एकूण किती तारे होते, हें जागच्या जागीं लिहावें. पुष्कळ असतील तर एकच उचलावा, एकच असेल तर राहूं द्यावा. उचललेला तारा कागदी पाकिटांत वाळवावा. प्लास्टिकच्या पिशवींत तो सडतो. पाकिटावर दिनांक व जागा लिहिलेली नसेल तर तो नमुना पाहणाऱ्यास अर्ध्याहून कमी उपयोगाचा आहे, मग तो कितीहि सुंदर असो. पिशवीच्या तोंडाभोंवतीं बारीक चुण्या आहेत कीं केसाळ कडा आहे, पिशवीखालीं देंठ आहे कीं नाहीं, हें भिंगानें पाहतां येतें. बीजाणूंवरील खवले मात्र सूक्ष्मदर्शकाखालींच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत बुरशांचा मोठा संग्रह आहे, ज्येष्ठ बुरशीशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नांवानें तो ओळखला जातो. आमच्याकडून ओळख न पटल्यास अशा संस्थेस नमुना पाठविण्याची आमची तयारी आहे, आणि टपालखर्च शाळा सोसेल असें मुख्याध्यापकांनीं कबूल केलें आहे.

चिंचेखालच्या राखेवर मागील आठवड्यांत नवीं पानें पडूं लागलीं आहेत. कुंपणासाठीं तार व आठ खांब लागतील. ज्या पालकांच्या घरीं जुनी तार पडून असेल त्यांनीं ती मृग लागण्यापूर्वीं कार्यालयांत आणून द्यावी. नोंदवही तयार आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या सातवींतील विद्यार्थ्यानें आठवणीनें काढलेलें चित्र आहे: सहा टोकें कीं सात, याविषयीं तो अजून निश्चित नाहीं, म्हणून त्यानें सातवें टोंक पेन्सिलीनें फिकट काढून ठेविलें आहे.